विहिरीची खोटी वही

प्रशिक्षणाला येणाऱ्या विज्ञान शिक्षकांनी आपापल्या शाळेच्या विहिरीचा जलस्तर महिनाभर रोज दुपारी बाराला मोजायचा होता. काठावरून टेप सोडायची, पाणी किती मीटर खाली आहे ते वहीत लिहायचं, एवढंच काम. आपल्या गोष्टीतल्या बाईंनी टेप दोनच दिवस सोडली, दोन्ही दिवशी पाणी सहा मीटर खाली. पुढे त्या चहा घेता घेता आकडे ठोकून देऊ लागल्या. रकाने भरण्यात शिक्षकांचा हात चांगलाच बसलेला असतो, बाईंना तरी का दोष द्या?

शाळेने पाणी मुरवायला खड्डे खणले होते, त्यांचा गुण दिसायला हवा म्हणून बाई आकडा हळूहळू कमी करत गेल्या. प्रशिक्षणाच्या पाच दिवसांचे आकडेही त्यांनी आधीच भरून ठेवले. शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, शून्य. म्हणजे पाणी थेट काठाला. लिहिताना त्यांना स्वतःलाच हसू आलं, पण वह्या तपासतंय कोण?

शुक्रवारी सकाळी प्रशिक्षकांनी हसत हसत सांगितलं की, सगळ्या विहिरींत महिन्यापूर्वीच मोजणी यंत्रं सोडली आहेत आणि त्यांचे आकडे आता पडद्यावर दिसतील. बाईंची आता चारचौघांत अब्रू जाणार होती.

गेली नाही. यंत्राचे आकडे आणि वहीतले आकडे दशांशापर्यंत जुळत होते. "इतकी चोख वही मी आजवर पाहिली नाही," प्रशिक्षक म्हणाले. टाळ्या पडल्या. बाईंनी मात्र वही पटकन परत घेतली, कारण हे आकडे कुठून आले ते त्यांनाच ठाऊक होतं.

पडद्यावर त्यांच्या विहिरीची आजची रेघ वर चढत होती. अकराला एक मीटर. साडेअकराला अर्धा. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि पावसाचा महिनोन्‌महिने पत्ता नव्हता. बाईंची लेक त्याच शाळेत पाचवीला होती, विहिरीला लागूनच तिचा वर्ग. बाईंनी शाळेच्या शिपायाला फोन लावला. तो सांगू लागला की पाणी हाताला लागतंय, मुलं काठावर गोळा झालीत, हाकलली तरी हलत नाहीत आणि बाईंची लेक सगळ्यांच्या पुढे आहे.

बाईंनी काय केलं असेल? शास्त्र शिकवणाऱ्या बाई त्या, तरी त्यांनी वही उघडली, शून्य खोडलं आणि वर सहा लिहिलं.

पडद्यावरची रेघ धाडकन खाली आली. सहा. यंत्र बिघडलं म्हणून प्रशिक्षक वायर हलवू लागले. बाईंना रडू कोसळलं, पण ते सुटकेचं होतं. शिपायाने फोन लेकीच्या हातात दिला.

"आई, पाणी गेलं," लेक म्हणाली. तिचा आवाज विहिरीत घुमत होता.

"आधी काठावरून बाजूला हो, बाळा."

"थांब ना. खालून कोणीतरी विचारतंय. तुझ्यासारखाच आवाज आहे."

"काय विचारतंय?"

"उद्याचा आकडा."

बाईंनी वहीकडे पाहिलं. प्रशिक्षण आज संपत होतं, म्हणून पुढे त्यांनी काहीच भरलेलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, शनिवारचा रकाना आखला आणि मग रविवारचाही.