धाकट्याच्या नावाचा भोज्या

माझ्या तोंडी लागायचं नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चौकातल्या पोरांना मात्र कोण सांगणार? चौकासमोरच माझं इस्त्रीचं दुकान. दिवसभर हातात इस्त्री आणि डोळ्यांसमोर तो दगड, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या नावांचा खांब. त्यावर सगळ्यात खाली माझ्या धाकट्या भावाचं नाव. तो सगळ्यात शेवटी गेला, म्हणून खाली.

सुरुवातीला तिथे बँड वाजायचा, फुलं यायची, आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. मग एकेक करून आया गेल्या आणि फुलंही आटली. आता लोक पायरीवर बसून फोनवर गप्पा हाणतात, 'दगडापाशी भेट' म्हणून सांगतात, आणि पोरं भोवती धिंगाणा घालतात. माझं डोकंच फिरायचं. भोवती कुंपण घाला म्हणून मी पालिकेचे उंबरठे झिजवले. सूनबाई म्हणायची, "आई, तुम्ही त्या साहेबांना कडक इस्त्री करून, घडी घालूनच घरी येता."

अखेर एकदाचा वेल्डर लोखंडी कठडे घेऊन आला. दुकान सुनेवर टाकून मी धावले. इतकी खूश होते की त्याला चहासुद्धा सांगितला. तो जागा आखायला खाली वाकला आणि म्हणाला, "मावशी, हे शेवटचं नाव पुसत आलंय बघा."

चष्मा लावून पाहिलं. वरची नावं ठसठशीत, आणि धाकट्याचं पार गुळगुळीत. वाचायचं तर अक्षरांवरून बोट फिरवावं लागत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात दोन वेण्या उडवत एक मुलगी धावत आली आणि त्याच नावावर तळहात टेकवून उभी राहिली. मागून आलेली पोरं थबकली. मी तिचा दंड धरला.

"हेच नाव सापडलं का गं तुला?"

"हा भोज्या आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"हा माझा भाऊ आहे."

ती बावरली, पण हात काही काढला नाही. "आजी, हात काढला तर तो मागचा मला आऊट करेल."

"वर एवढी नावं आहेत, मग हाच का?"

"वरच्यांना छोट्यांचा हात पुरत नाही. ह्याला सगळे पोचतात. आई लहान होती तेव्हाही हाच होता. ह्याला धरलं की कुणी आपल्याला काही करू शकत नाही."

माझी पकड आपोआप सुटली. धाकटा खेळात कायम लिंबूटिंबू. बारकुडा, धावायला लागला की चप्पल मागे आणि हा पुढे. लिंबूटिंबूला आऊट करायचं नाही, हा माझा नियम, आणि मोडेल त्याच्या पाठीत धपाटा. पुढे तो मोठा झाला, गणवेश घालून लांब गेला. तिथे माझा नियम कोण पाळणार होतं? आणि आता गावभरची पोरं त्याच्या आसऱ्याला येत होती. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच.

"दादा, कठडे उचला," मी वेल्डरला म्हणाले.

"मावशी, तुमच्याच तगाद्यामुळे काम निघालंय हे."

"मग करा की. तिकडे रस्त्याच्या कडेने लावा. ही कार्टी कुठे बघून धावतात? एखाद्या दिवशी गाडीखाली जातील."

त्याने डोकं खाजवलं. "चौकात लावा, एवढंच सांगितलंय मला. रस्त्याची कड चौकातच येते म्हणा." मग नावाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे पुन्हा कोरून घ्यायचं?"

"घेऊ की. चांगलं खोल. पोरांना झिजवायला पुष्कळ दिवस पुरलं पाहिजे."

वेण्यावाली अजून तिथेच होती. "आजी, खेळता?"

"गुडघे बघ माझे."

"मग तुम्ही लिंबूटिंबू."

ह्या वयात, मी. पदर खोचला आणि निघाले. सूनबाई दुकानाच्या दारात इस्त्री हातात धरून आ वासून बघत राहिली. चौकाला अर्धा वळसा घालेपर्यंत माझा श्वास संपला. पोरं हसत, ओरडत मागे लागलेली. मी कशीबशी दगडाशी पोचले आणि धाकट्याच्या नावावर हात ठेवला. दगड उन्हाने उबदार झाला होता. मी तिथेच टेकून मनसोक्त हसले. आता कुणाची बिशाद होती मला आऊट करायची?