कलिंगड खाणारा नादेर

देवयानीबाईंनी त्या चित्राचं भरभरून कौतुक केलं आणि फरामर्झच्या तोंडून जे जायला नको होतं तेच गेलं. "तुमचंच आहे ते."

इराणात पाहुण्याने घरातली वस्तू वाखाणली की यजमानाने "तुमचीच आहे" म्हणायचं, पाहुण्याने "छे छे" म्हणायचं, थोडी ओढाताण करायची आणि वस्तू जागच्या जागी राहायची. आपण निघालेल्या माणसाला "जेवूनच जा" म्हणतो, त्यातलाच प्रकार. पण डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये, फरामर्झ जिथे चित्रं काढायचा त्या त्याच्या गॅरेजात, बाई "सो स्वीट ऑफ यू" म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याला, प्रतापला, गाडी दारापर्यंत आणायला सांगितली. फरामर्झ बघत राहिला. दिलेला शब्द फिरवणं त्याच्या बापजाद्यांत कोणी केलं नव्हतं.

शिवाय बाईंशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. डॅलसच्या एका बड्या गॅलरीच्या कमिटीवर त्या होत्या आणि साठी उलटलेल्या फरामर्झचं पहिलं मोठं प्रदर्शन त्यांच्याच हातात होतं. अमेरिकेत आल्यापासून त्याने हॉटेलांच्या लॉबीसाठी डोंगर आणि घोडे रंगवले होते. आता कुठे लोक त्याला चित्रकार म्हणू लागले होते.

पण ते चित्र विकायचंसुद्धा नव्हतं. इराकशी लढाई चालू होती तेव्हा इराणच्या अहवाझ शहरात फरामर्झला एकच काम असे, मेलेल्या पोरांचे फोटो बघून त्यांना भिंतीवर हुतात्मे करायचं. हातात बंदूक, मागे लाल ट्यूलिप, नजर आभाळाकडे. तो शिडी घेऊन गल्लीत शिरला की बायका दारं लावून घ्यायच्या. मग त्याचा धाकटा भाऊ नादेर गेला, एकोणिसाव्या वर्षी. भावालाही भिंतीवर चढव, असा वरच्या साहेबाचा हुकूम आला. नादेर कसला हुतात्मा! त्याला घरातून ओढून लढाईवर नेलं होतं आणि बंदूक धरताना त्याचे हात कापायचे. फरामर्झने भिंतीला ब्रश लावला नाही. घरात बसून त्याने नादेरला गच्चीवर कलिंगड खाताना रंगवलं, हनुवटीला बिया चिकटलेल्या. या नकाराची शिक्षा काय होते ते त्याला ठाऊक होतं. कॅनव्हास पोटाशी गुंडाळून तो डोंगरातून तुर्कस्तानात उतरला.

आणि तेच चित्र त्याने शिष्टाचारापायी घालवलं होतं. त्याला स्वतःचा संताप आला, बाईंचा त्याहून जास्त.

महिन्याभराने बाईंच्या प्लेनोमधल्या नव्या घराच्या पार्टीचं बोलावणं आलं. बाईंना बाजूला घेऊन चित्र मागू, असं घोकत तो गेला.

"या, या," बाई दारातच म्हणाल्या. "हे घर तुमचंच समजा."

हॉलमध्ये फायरप्लेसच्या वर नादेर टांगलेला होता. खाली पितळी पाटी होती: 'हुतात्मा'. फरामर्झच्या डोक्यात तिडीक गेली.

"तो हुतात्मा नव्हता," तो म्हणाला. "त्याला कलिंगड आवडायचं, इतकंच."

"ऑफ कोर्स. पण तो लढाईत गेला हे तुम्हीच सांगितलंत ना? लोकांना स्टोरी लागते," बाई म्हणाल्या. पाहुणे माना डोलवत होते. "प्रदर्शनाचं नावसुद्धा मी हेच ठेवलंय. दोन-चार नवीन करून द्या ना. बंदूकवाली. ऑडियन्सला वॉर पाहिजे."

म्हणजे अहवाझच्या साहेबाचा हुकूम इथेही आलाच होता, फक्त वाईनचा ग्लास धरून. फरामर्झने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली, बूट काढले आणि वर चढला.

"अंकल, काय करताय?" प्रताप पुढे आला.

फरामर्झने चित्र खिळ्यावरून काढून छातीशी धरलं. "बाई म्हणाल्या, घर माझंच समजा. माझ्या घरात माझ्या भावाला हुतात्मा म्हणून टांगत नाहीत."

"अहो, ती बोलायची पद्धत असते," बाईंचा आवाज चढला. "कोणी खरं धरतं का?"

"माझीही ती पद्धतच होती."

बाईंच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "हे घेऊन बाहेर गेलात तर एक्झिबिशन कॅन्सल," त्या म्हणाल्या. "डॅलसमध्ये दुसरं कोणी तुम्हाला भिंत देणार नाही. ते मी बघते."

फरामर्झने बूट घातले. सवयीने जिभेवर आलं होतं, तुमचे फार उपकार झाले. ते त्याने गिळलं आणि नादेरला घेऊन तो बाहेर पडला.