चार हातांपुरता उजेड

“आमच्या वाटचं पानी तुमीच पळवलं, सायेब. आन् कुनी इचारलं की दुष्काळाचं नाव सांगता.”

तारेच्या कुंपणापलीकडे टँकरच्या रांगेत उभी असलेली भीमाबाई साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसच्या बंद खिडक्यांकडे तोंड करून बोलली. खिडकी उघडली नाही. चेअरमनसाहेब आत होते की नव्हते, ते खिडकीलाच ठाऊक. बागेत फक्त शहादेव होता. नवरीच्या फोटोला वापरायचं पांढरं कापड तो फ्लॅशच्या तोंडाला बांधत होता. त्याने मान वर केली नाही. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

शिरूर कासारला त्याचा स्टुडिओ. औंदा लग्नं पुढे ढकलली गेली होती, वऱ्हाडाला पाजायला पाणी नाही म्हणून. कारखान्याचा निरोप आला तेव्हा त्याने जास्त विचारलं नाही. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर पाखरू हवं होतं. दगडी कुंडीत पाणी, शेजारी ताटात पपईच्या फोडी, त्यावर बुलबुल. कारखान्याने दुष्काळात मुके जीव जगवले, असं खाली छापायचं होतं. बोलके जीव घागरी घेऊन कुंपणाबाहेर उभे होते, त्यांचं काही छापायचं नव्हतं.

उजाडलं होतं, पण ऊन फुटलं नव्हतं. हीच वेळ. ऊन चढलं की पाखराची पाठ पांढरीफटक पडते आणि पोट काळं राहतं. शहादेवने ताटाखाली थर्माकोल आडवा टाकला, पोटाला खालून उजेड मिळावा म्हणून. एक फ्लॅश डाव्या अंगाला, कापडाआडून. दुसरा मागून, पिसांची कड उजळायला. मग अर्धा तास तो फोटो न काढता नुसता फ्लॅश उडवत राहिला. पाखरं आधी भुर्र झाली, मग एकेक परत आली. तहान भीतीपेक्षा मोठी निघाली.

पहिल्या फोटोत बुलबुल सावळा आला आणि मागची बायांची रांग स्वच्छ. गेस्ट हाउस सांभाळणारे मोहनराव खांद्यावरून डोकावले.

“हे मागचं काहून घेतलं रे?”

“मागं तेच हाय, साहेब.”

“तेच नको. अहवाल वरपर्यंत जातो.”

“जमंल. पण त्या बाया हालल्या की पाखरं उडायलेत.”

“मग सांग की गप उभ्या ऱ्हा म्हनून,” म्हणत मोहनराव चहाला आत गेले.

शहादेव कुंपणाशी गेला.

“मावशी, जरा येळ कुनी हालू नका.”

भीमाबाईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. टँकरची खेप मंजूर व्हायची तर रांगेचा फोटो लागतो, हे वस्तीत सगळ्यांना पाठ होतं. मागच्या पंधरवड्यातला फोटो हललेला म्हणून परत आला होता आणि दोन खेपा बुडाल्या होत्या.

“आमचा फोटू काढायलास का रे? टँकरसाठी?”

‘न्हाई’ शहादेवच्या ओठावर तयार होतं.

“उभ्या ऱ्हा,” तो म्हणाला.

“ऐकलं का गं? केसरबाई, घागर आडवी धर. रिकामी दिसली पायजे.”

“आता काय भरल्याली दिसायली व्हय?” केसरबाई म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

वीस-बावीस बाया घागरींची तोंडं कॅमेऱ्याकडे करून उभ्या राहिल्या. शहादेवने अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, बारीक केलं, दोन्ही फ्लॅश ताटाजवळ सरकवले. असं केलं की उजेड चार हातांपुरता पुरतो, त्यापलीकडे जे असेल ते काळं. लग्नात नको असलेला पाहुणा तो असाच बुडवायचा.

बुलबुल आला. पाणी प्याला, चोच वर केली. शहादेवने चाळीसेक फोटो काढले. रांगेतल्या एका म्हातारीचे पाय लटलटत होते, पण घागर हलली नाही. ते त्याला दिसत होतं. काही वाटायला हवं होतं, एवढंही कळत होतं. वाटलं मात्र काहीच नाही.

“हां, आता कसं स्वच्छ आलं,” मोहनराव कप हातात घेऊन म्हणाले आणि आत वळले.

शहादेव सामान उचलू लागला, तर भीमाबाईचा हात तारेतून आत आला.

“दाखव.”

“मग दाखवतो, मावशी.”

“आत्ता दाखव. मागचा हालला म्हनून परत आला. आमी तर हाललो न्हाई.”

त्याने कॅमेरा तारेशी धरला. बुलबुल लखलखत होता, पिसन् पीस वेगळं. भीमाबाई बघत राहिली. एका हाताने पट्टा धरून पदराच्या टोकाने तिने कॅमेऱ्यामागची काच पुसली, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसली. तिच्या मागे बाया अजून तशाच घागरी धरून उभ्या होत्या. झालं म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“आमी कुठं हाव ह्याच्यात?”

शहादेवने कॅमेऱ्याचा पट्टा मागे ओढला. तिने सोडला नाही.

“तुला इचारती मी. हे पाखरू दाखवून आमचा टँकर कोन देनार हाय? सांग.”