निखाऱ्यावरची बांगडी

राजेश्वर गावच्या ग्यानबा कासाराच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे. पण जी गोष्ट सांगायला हवी, तेवढीच त्यानं गिळली. हैदराबादेहून त्यानं सेल्युलॉईडच्या बांगड्या आणल्या होत्या. कापूस तेजाबात भिजवून, त्यात कापूर घालून कारखान्यात बनवलेल्या. आपटल्या तरी फुटत नाहीत, पाण्यानं रंग उतरत नाही, वर देवळासारखा वास! ठोक व्यापाऱ्यानं बजावलं होतं, "गरम पानी में नरम करो, आग के पास नक्को." आता हे सांगितलं तर घेणार कोण?

मंठाळच्या श्रीपतरावांनी लेकीच्या, हेमावतीच्या लग्नासाठी दोन जोड नेले. त्यातली एक बांगडी घट्ट झाली. पोरीनं हट्ट धरला, "थोरल्या आईनंच भरायची." थोरली आई म्हणजे विधवा चुलती कमलबाई; आई गेल्यावर हेमावतीला तिनंच वाढवलं. कमलबाईनं बिचारीनं जन्मभर लाखेच्या बांगडीला करत आली तेच केलं. लाख निखाऱ्यावर धरली की मऊ पडते, हवी तशी वाकते. ही मेली मऊ कुठली पडते, भडकलीच! घाबरून झटकली, ती थेट हेमावतीच्या हातावर. कोपरापर्यंत भाजली पोर.

लग्न पुढं गेलं. अन् ठपका कशावर आला? विधवेच्या हातावर! "असल्या बाईनं चुड्याला हात लावल्यावर दुसरं काय व्हणार?" घरच्या बायका म्हणाल्या. कमलबाईला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं.

बाजारात हे ग्यानबाच्या कानावर आलं. आपलं नाव कुठंच नाही म्हणून आधी त्याला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्या बरं वाटण्याचीच मग त्याला किळस आली. बायको विचारायची, "कामून घास उतरंना ओ?" तो ताट बाजूला सारायचा. शेवटी उठला अन् मंठाळची वाट धरली.

अंगणात गाडी जुंपलेली, कमलबाई गाठोडं घेऊन पायरीवर बसलेली. ग्यानबानं चुलीतला निखारा मागितला, श्रीपतरावांसमोर ठेवला अन् त्यावर एक बांगडी टाकली. भक्कन जाळ उठला.

"अण्णा, कुणीबी धरली तरी ही अशीच पेटती. मला ठावं होतं. माल खपावा म्हणून म्या बोललो न्हाई."

"हलकटा!" श्रीपतराव काठी घेऊन उठले. ग्यानबा मान खाली घालून उभा राहिला. दोन तडाखे बसले असते तर त्याला हलकं वाटलं असतं.

पण कमलबाईच मध्ये बोलली, "म्हंजी माझा हात वाईट न्हाई?"

"न्हाई, अक्का."

"पोर रोज आतून हाका मारायली रे. म्या जखमेला तेलसुद्धा लावलं न्हाई. वाटलं, माझा हात लागला तर आनिक चिघळंल."

लोकांनी तिला दोष दिला, एवढंच ग्यानबाला ठाऊक होतं. तिनं तो खरा मानला असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

गाठोडं तिथंच टाकून कमलबाई आत धावली. "थोरले आई, आता आलीस व्हय गं!" हेमावतीचा हंबरडा बाहेरपर्यंत आला. अन् ग्यानबानं पायरीवरचं गाठोडं उचलून दाराच्या आत ठेवलं.