पिळ्याचं गाणं आणि नाचणारं पाणी

नाचायचं तर नाचावं, पण हातात गरम इस्त्री असताना नाचू नये, एवढंच मोठीबाईंचं म्हणणं होतं. धाकट्या जावेने सकाळपासून दोन कॉलरी पिवळ्या केल्या होत्या आणि तरी तिची कंबर थांबत नव्हती.

"एक पिळा, दोन पिळा, झटकून टाक सगळा!" हे गाणं तीन महिने सगळ्यांच्या अंगात शिरलं होतं. नाच अगदी सोपा. ओली चादर पिळावी तसे हात उलटसुलट फिरवायचे आणि पिळलेलं ते खांद्यामागे झटकायचं. बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, शाळेच्या मैदानात, जो तो हवा पिळत होता.

"चाळीस वर्षं आम्ही खऱ्या चादरी पिळल्या," लाँड्रीच्या गल्ल्यावरून मोठीबाई म्हणत, "एका मेल्याने टाळी वाजवली नाही."

लाँड्रीचा नियम होता, खिसा उलटा केल्याशिवाय कपडा पाण्यात जाणार नाही. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा मोठीबाईंनी तिला पहिला धडा तोच दिला होता. त्या नियमाने सोमवारी मोठीबाईंनी धाकटीच्याच ॲप्रनचा खिसा उलटा केला आणि कागदाची पुडी हाताला लागली. आत अकरा गोळ्या. रक्तदाबाच्या.

"हे काय गं?"

"आता गरज नाही जाऊबाई. तालगुरूंनी सांगितलंय. त्यांचं भारलेलं गाणं लावून चाळीस दिवस पिळा घातला की आजार अंगातून पिळून निघतो. मध्ये औषध आलं तर ताल तुटतो."

"आणि शनिवारी चक्कर येऊन मशीनपाशी बसलीस ती?"

"आजार जाताना हिसका देतोच."

"असं कोण म्हणालं?"

"तेच."

"वा! बरं वाटलं तर गाण्याने, चक्कर आली तरी गाण्यानेच. आपणही असाच धंदा करू. शर्ट पांढरा झाला तर आपला साबण, फाटला तर गिऱ्हाइकाचं पाप फाटलं."

"तुम्ही एकदा त्यांच्या सभेला येऊन बघा तरी. वाटीतलं पाणी नाचतं हो!"

"येते. पण नाही नाचलं तर?"

"तर घेईन गोळ्या."

मंगळवारी दुपारी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तीनशे माणसं एका तालात पिळत होती. व्यासपीठावर पांढऱ्या सुटातले तालगुरू होते, गालाला माइक चिकटवलेला. मोठीबाईंनी त्यांना लगेच ओळखलं. मागच्या वर्षी हाच माणूस दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. तेव्हा पाण्यात जंतू होते, आता चैतन्य आलं होतं.

"शरीरात पाणीच पाणी आहे!" तालगुरू गरजले. "पाणी ऐकतं! पाणी ओळखतं! पाणी लाजतंसुद्धा!"

समोर टेबलावर काठोकाठ भरलेली पितळी वाटी होती. त्यांनी हातातल्या फोनवर गाणं लावलं. पाणी ढिम्म. "हे बाजारातलं गाणं. मेलेलं! आता भारलेलं ऐका." तेच गाणं दणक्यात सुरू झालं. पाणी शहारलं, त्यावर गोल कडी उमटली आणि थेंब टणाटण वर उडू लागले. सभागृहातून "आहाहा" निघालं. धाकटीने डोळे पुसले.

मोठीबाई वाटीकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या टेबलावरच्या कापडाकडे. ते कापड दर आठवड्याला त्यांच्याच लाँड्रीत धुवायला यायचं, आणि दर वेळी त्याच्या उलट्या बाजूला, अगदी मधोमध, ताटाएवढा गोल डाग असायचा. बारीक जाळीची नक्षी असलेला. तेलाचा नाही, चहाचा नाही, नुसत्या धुळीचा. उलट्या बाजूचा डाग म्हणजे खालून लागलेला. तो कशाचा, याचं कोडं काही सुटत नव्हतं. ते आत्ता सुटलं.

त्या तरातरा व्यासपीठावर चढल्या.

"गुरुजी, वाटी गारठली हो." पिशवीतून टॉवेल काढून त्यांनी त्याची चौघडी केली आणि वाटीखाली सारली. "हं, लावा आता."

गाणं दणाणलं. पाणी तसूभर हललं नाही.

"अश्रद्ध हात लागला!" तालगुरू ओरडले.

"मग तुमच्या श्रद्धाळू हातात धरा की."

लोक हसले, त्यामुळे गुरूंना वाटी धरावीच लागली. गाणं दणाणतच होतं, पण पाणी काही नाचलं नाही.

"आता टेबलावर ठेवा. टॉवेल नको."

पाणी पुन्हा उड्या मारू लागलं. मोठीबाईंनी वाटी उचलून बाजूला ठेवली, कापडाची दोन टोकं धरली आणि गाण्यातल्यासारखं ते झटकून टाकलं. टेबलाला मधोमध गोल भोक होतं. त्यात आ वासून बसलेला, काळ्या जाळीचा भला मोठा स्पीकर.

"मेलेलं गाणं फोनच्या चिमुकल्या तोंडातून, भारलेलं या जबड्यातून. जबडा हादरला की लाकूड हादरतं आणि लाकूड हादरलं की वाटी. टॉवेलाने धक्का गिळला, म्हणून पाणी निजलं. आमचं कपडे पिळायचं मशीन सुरू झालं की त्यावरच्या बादलीतलं पाणीही असंच नाचतं. त्याने अजून कुणाचा खोकला गेला नाही."

"पण माझा गुडघा खरंच मोकळा झालाय!" मागून एक म्हातारा म्हणाला.

"झाला असेल की! हललं की सांधे सुटतात. त्यासाठी गाणं भारून कशाला लागतं?"

गलका उसळला. तो निवला तेव्हा व्यासपीठावर वाटी होती, टेबल होतं, तालगुरू नव्हते.

लाँड्रीत परतल्यावर धाकटी इस्त्रीच्या टेबलाशी बसली. मग म्हणाली, "जन्मभर गोळ्या म्हटलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं जाऊबाई. नाचताना नाही वाटत."

मोठीबाईंनी तिच्यापुढे पुडी ठेवली, पाण्याचा पेला ठेवला. पेल्यातलं पाणी स्वस्थ होतं. धाकटीने गोळी गिळली.

"हे बघ," मोठीबाई म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जायचं आणि अकरा दिवस चुकवले ते आपल्या तोंडाने सांगायचं. मी येते बरोबर. नाचायचं तर खुशाल नाच, इस्त्री खाली ठेवून. पण एक सांग. परक्याच्या शर्टाचाही खिसा उलटा केल्याशिवाय तू तो पाण्यात टाकत नाहीस. मग त्या माणसाचं बोलणं उलटं करून न बघता डोक्यात कसं टाकलंस गं?"