मुलाखतीच्या सरावाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय, दौंडच्या मोनिका बाईंच्या घरातली. माझ्यावर बसून कुणी निवांत गप्पा मारल्यात असं फारसं झालं नाही. सरावाला जो बसला तो घाम पुसतच उठला. त्यामुळे माझा स्वभाव जरा कडक वाटला तर समजून घ्या.

माझं लाकूड रेल्वेचं. बाईंचे वडील रेल्वेत गार्ड होते. एका मोडीत काढलेल्या डब्याच्या सागवानी फळ्या त्यांनी लिलावात घेतल्या आणि हरिबा सुतारांकडून मला करून घेतलं. गार्डसाहेब ड्यूटीवरून आले की बूट काढून माझ्यावर बसायचे आणि चहाचा कप माझ्या रुंद हातावर ठेवायचे. ते देवाघरी गेले तेव्हापासून मी भिंतीला लागून नुसती उभी होते. अंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. आपला काही उपयोग उरला नाही, हे खुर्चीलाही लागतं बरं का.

पुढे बाई शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि घरी शिकवण्या घेऊ लागल्या. गावात एक कॉन्व्हेंट हायस्कूल आहे. तिथे नववीला बाहेरची थोडी मुलं घेतात. आधी लेखी परीक्षा, मग मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची मुलाखत. बाई स्वतः तिथेच शिकलेल्या, आणि दर रविवारी चर्चलाही तिथल्याच आवारात जाणाऱ्या. त्यामुळे लोकांना वाटायचं, बाईंकडे शिकवणी लावली की निम्मं काम झालं. कासुर्डीची मुलं यायची, न्हावऱ्याची यष्टीनं यायची, कुरकुंभच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांची तर यायचीच.

मुलं सतरंजीवर बसून इंग्रजी आणि गणित करायची. मुलाखतीच्या सरावाला मात्र बाई कपडे उचलून मला खोलीच्या मधोमध ठेवायच्या. समोर स्टुलावर त्या स्वतः बसायच्या, शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर होऊन. मूल दारातून यायचं, 'मे आय कम इन, सिस्टर' म्हणायचं आणि 'सिट डाऊन' म्हटल्यावर माझ्यावर बसायचं.

इतकं साधं काम, पण पोरांची दाणादाण उडायची. आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं नाही, असं घरोघरी शिकवलेलं. बाई म्हणायच्या, "माझ्याकडे बघ ना राजा, जमिनीवर उत्तर लिहिलंय का?" पोरगं मान वर करायचं आणि लगेच पुन्हा खाली घालायचं. आईवडिलांची तऱ्हा याहून वेगळी. न्हावऱ्याचे एक पाटील ग्रामपंचायतीत बसल्यासारखे पायावर पाय टाकून बसले आणि बाईंनाच विचारू लागले, "बोला, काय काम काढलंत?" त्या दिवशी मलाही हसू आवरेना.

मग आली अंकिता. कुरकुंभची, चुणचुणीत, डोक्यावर चापून बसवलेल्या दोन वेण्या. तिचे वडील संपत कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. आई म्हाळसा चौथीपर्यंत शिकलेली, घरची शेरडं आणि दुसऱ्यांची खुरपणी सांभाळणारी. संपतचं एकच म्हणणं होतं, "बाई, आमी शिफ्टा केल्या, हिनं करू नये." म्हाळसा काही म्हणायची नाही. शिकवणी संपेपर्यंत ती ओट्यावर थांबायची आणि निघताना लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घ्यायची.

अंकिता लेखी परीक्षा पास झाली. बाईंनी तिला जवळ घेतलं. आता तिघांची मुलाखत, म्हणून सराव सुरू झाला. बाईंच्या लहानपणच्या सिस्टर इंग्रजीशिवाय एक शब्द बोलत नसत. मराठी बोललं म्हणून बाईंनी छड्याही खाल्लेल्या. ती धास्ती त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही. त्यामुळे म्हाळसालाही त्यांनी इंग्रजीच शिकवायला घेतलं.

म्हाळसा माझ्यावर बसायची ती अगदी कडेला, कधीही उठावं लागेल अशा बेतानं. 'माय नेम इज म्हाळसा' एवढं तिनं पाठ केलं. खुरपताना म्हणायची म्हणे. बायका हसायच्या, तरी म्हणायची. पण बाईंनी पुढचा प्रश्न विचारला की तिची जीभ टाळूला चिकटायची. तिचे हात माझ्या हातांना घट्ट धरून असायचे.

मुलाखत जवळ आली तशी संपतची झोप उडाली. कंपनीत कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं, की आईला इंग्रजी आलं नाही म्हणून एका पोराची ॲडमिशन गेली. एका संध्याकाळी तो आपल्या बहिणीला घेऊन आला. ही अंकिताची आत्या, पदवीधर, पुण्यात नोकरीला, फाडफाड इंग्रजी बोलणारी.

"बाई," संपत मान खाली घालून म्हणाला, "मुलाखतीला हिला न्यावं म्हणतोय. आई म्हणून."

म्हाळसा दाराशी उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या 'नको' म्हणतील असं मला वाटलं होतं. मी त्यांना पुरती ओळखते, त्या खोटं खपवून घेणाऱ्यातल्या नाहीत. पण त्यांनाही जागा हातची जाईल अशी भीती होती. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हाळसाबाई, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय असतंय," म्हाळसा म्हणाली. "पोरीचं झालं म्हंजी झालं."

लगेच त्याचा सराव सुरू झाला. अंकिता माझ्यावर बसली. बाईंनी आत्याकडे बोट दाखवून विचारलं, "हू इज शी?" अंकिता बोलेचना. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेव्हा म्हाळसाच पुढे आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि पोरीची हनुवटी धरून म्हणाली, "म्हण की गं. शी इज माय मदर. विंग्रजीत म्हणायचं, त्यात काय लागतंय?"

आणि तिनं लेकीकडून ते वाक्य घोटून घेतलं. आईनं स्वतः. माझ्या जन्मात मी इतकं वाईट काही पाहिलेलं नाही.

मुलाखतीला आत्या आई म्हणून गेली, सगळं इंग्रजीत बोलली, आणि ॲडमिशन झाली. संपत पेढे घेऊन आला. बाईंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

शाळा सुरू झाली. एका दिवशी अंकिता डबा विसरली. म्हाळसा तो घेऊन कुरकुंभहून वडापच्या जीपनं आली आणि शाळेच्या गेटाशी उभी राहिली. मैत्रिणींनी अंकिताला विचारलं, ही कोण? तिथे तर सगळ्यांना ठाऊक, हिची मम्मी पुण्याला नोकरी करते. अंकिताच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं कामाला हायेत, मावशी." म्हाळसानं ऐकलं. डबा दिला, पण परत जायच्या ऐवजी दिवसभर बाईंच्या ओट्यावर येऊन बसली.

शाळा सुटल्यावर अंकिता तिथेच आली. गणवेशासकट माझ्यावर बसली आणि हुंदके देऊ लागली. "बाई, मी आईला मावशी म्हणाले. मला कुणी शिकवलं पण नव्हतं. आपोआप आलं."

ते ऐकून बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "शिकवलं मीच. उद्या जाऊन सिस्टरना सगळं सांगते. पण म्हाळसाबाई, जागा जाईल."

म्हाळसानं उठून पदर खोचला. मग म्हणाली, "शाळा तर पायजेच हो तिला. पर मी गेटाभाईर मावशी म्हणून किती दिस उभी ऱ्हाऊ? चला, मी बी येते."

दुसऱ्या दिवशी तिघी गेल्या आणि दुपारी परत आल्या. मी दाराकडे तोंड करून उभीच होते. बाई आत जाऊन पाणी पिऊन आल्या. म्हाळसा ओट्यावर न थांबता थेट खोलीत आली.

"बाई," ती म्हणाली, "त्या तर मराठी बोलत हुत्या."

बाई स्टुलावर बसल्या.

"वसईकडच्या हायेत म्हणं त्या. मला बसा म्हणाल्या. पाणी दिलं. घरी पोरीचा अभ्यास कोण बघतं म्हणून विचारलं. मी म्हणलं, मला काय येत न्हाई, पर ती वाचती तवा मी जवळ बसते. शेरडं किती, पाऊस कसा, समदं विचारलं. मी समदं सांगितलं." ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. "मला सांगता आलं असतं, बाई. त्या दिवशीच सांगता आलं असतं."

बाईंनी तिचे हात धरले. या नव्या सिस्टरशी मुलाखतीविषयी त्या कधी बोलल्याच नव्हत्या. आपल्या लहानपणच्या सिस्टर मनात धरूनच त्यांनी इतकी वर्षं सराव घेतला होता.

सिस्टरांचा जीव हळहळला असणार. पण मुलाखतीत आई म्हणून दुसरीला उभं केलं, ही गोष्ट शाळेच्या कमिटीपुढे गेली आणि ॲडमिशन रद्द झाली. अंकिता आता कुरकुंभच्याच हायस्कुलात जाते. संपत बाईंशी बोलत नाही. म्हाळसा मात्र पोरीला इंग्रजीसाठी अजून बाईंकडे आणते.

बाईंनी मुलाखतीचा सराव बंद केला. मला खोलीतून उचलून ओट्यावर ठेवलंय. उन्हानं माझं पॉलिश उडालंय, बैठकीचा वेत एका बाजूनं सुटलाय, आणि पावसाची झड आली की मी भिजते. त्याचं मला वाईट वाटत नाही. इथे पोरांना न्यायला आलेल्या आया बसतात, त्यांना मी कसलाही प्रश्न विचारत नाही.

तुमच्यापैकी कुणी यंदा लेकराला घेऊन मुलाखतीला निघणार असाल, तर या जुन्या खुर्चीचं एवढं ऐका. जी आई आहे तिलाच न्या. तिला बोलता आलं नाही तर गप्प बसू द्या, पण तिथे तिलाच बसू द्या.