खोगीरभरतीचे भाग

शहरातली कितीतरी म्हातारी माणसं त्याने बनवलेल्या दातांनी हसतात, पण त्यातल्या एकालाही त्याने हसताना पाहिलेलं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेऊन पाठवतात. हा मागच्या खोलीत प्लास्टर कालवतो, जबडा ओततो, मेणात एकेक दात बसवतो आणि कवळी तयार झाली की डबीत घालून परत धाडतो. गल्लीत त्याला दातवाला म्हणतात. दिवसभर समोर जबडेच जबडे, आणि बोलणारा एक नाही!

बोलणं व्हायचं ते रविवारी दुपारी, दाजींशी. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसऱ्या गावी राहतात, लिफ्ट दुरुस्त करतात. ताई देवाघरी गेली आणि साल्या-मेव्हण्यांमधला दुवाच निखळला. मूलबाळ नव्हतं, की मामा म्हणून येणंजाणं राहावं. क्रियाकर्म आटोपल्यावर दोघं दाराशी उभे राहिले, तेव्हा आता एकमेकांना कशासाठी भेटायचं हे दोघांनाही सुचेना. मग काही महिन्यांनी दाजींचाच फोन आला.

"शालकराव, ती पतंगवाली आठवते का? सगळे भाग मिळतायत आता. बघायची?"

पतंगवाली म्हणजे जुनी जपानी ॲनिमे मालिका. उडत्या बेटांवर पतंगाला लटकून टपाल पोचवणारी एक मुलगी आणि तिच्यासोबत एक बोलका कंदील. दातवाला शिकायला म्हणून ताईकडे राहायचा, तेव्हा तिघं जमिनीवर बसून ती बघायचे. शेवट यायच्या आतच वाहिनीने मालिका बंद केली होती. ताईने त्या वाहिनीला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी दोघं आपापल्या घरी मोबाइल टेकवून बसायचे. दुसरा फोन कानाशी. "एक, दोन, तीन, दाब" म्हटलं की दोन्हीकडे एकदम सुरू.

"हिचे डोळे बघ रे, बशीएवढे. आणि एवढ्या डोळ्यांना समोरचा राक्षस दिसत नाही."

"दाजी, हिने उडी मारली ती मगाशी. अजून हवेतच आहे."

"खाली जमीन काढायची राहिली असेल. चित्रकार जेवायला गेला असणार."

"आणि तो सरदार बघा. एवढे केस सांभाळायचे, तर राज्य कधी करायचं माणसाने?"

"तुला टक्कल पडलंय म्हणून जळतोयस."

त्या दिवसांत जे थरारक वाटायचं ते आता भलतंच वाटायचं. तेच आभाळ फिरवून फिरवून वापरलंय हे दिसायचं. आणि तेव्हा कंटाळवाणी वाटलेली एखादी जागा, म्हणजे म्हातारीला पत्र देऊन मुलगी उंबऱ्यावर जरा वेळ बसते, तेवढीच, अशी काही काळजाला हात घालायची की दोघंही टिंगल विसरून गप्प व्हायचे. दातवाल्याचा आठवडा त्या तासावर उभा होता. सोमवारपासून तो मनात शेरे जुळवून ठेवायचा. हे दाजींना ऐकवू, ते दाजींना ऐकवू.

पण गोष्ट आता शेवटाशी आली होती. मध्ये उरले होते ते नुसते खोगीरभरतीचे भाग. अशा मालिकांची एक गंमत असते. मूळ कथा कुणीतरी चित्रांच्या मासिकात काढत असतो. टीव्हीवाले त्याच्या पुढे निघून गेले की हात चोळत बसत नाहीत, आपल्या पदरचे भाग घुसडतात. कधी जत्रा, कधी स्वयंपाकाची स्पर्धा, कधी कंदिलाला सर्दी. त्यात कुणी मरत नाही, कुणाला काही कळत नाही. भाग संपला की सगळे जिथल्या तिथे. रसिक माणसं ते सोडून पुढे जातात. दाजींनीही आजवरचे असे सगळे भाग सोडायला लावले होते.

"आता ही शेवटची भरती ओलांडली की संपलं," दाजी म्हणाले. "पुढच्या रविवारी सरळ शेवटाला भिडू."

दातवाल्याच्या मनात आलं, शेवट झाला की दाजी कशासाठी फोन करणार? ताईच्या नावाने बोलायचं धाडस दोघांनाही नव्हतं. मालिका होती म्हणून बोलणं होतं. ती संपली की तो कोण आणि दाजी कोण! आणि सरळ "फोन करत जा" म्हणावं, तर जीभ उचलेना. साल्याने मेव्हण्याची थट्टा करावी, खोड्या काढाव्यात. पण मला करमत नाही असं कुठल्या तोंडाने सांगावं?

आठवडाभर मेण तापवता तापवता त्याने विचार केला, आणि रविवारी थाप ठोकून दिली.

"दाजी, ती भरती सोडून चालायचं नाही. मी चौकशी केली. त्या सर्दीच्या भागात कंदिलाचा मूळ मालक कोण ते कळतं. ते नाही बघितलं तर शेवटाचा उलगडा व्हायचा नाही. मग जत्रेच्या भागात..."

"शालकराव."

"अं?"

"सर्दीच्या भागात कुणाचाही मालक कळत नाही. कंदील शिंकतो, ज्योत विझते. मुलगी त्याला शालीत गुंडाळून बसते. भाग संपतो."

"तुम्हाला कसं माहीत? आपण तर बघितला नाही."

पलीकडे दाजींनी मोबाइल पालथा ठेवल्याचा आवाज आला.

"मी बघितलाय," दाजी म्हणाले. "तुझ्या ताईबरोबर. ती अंथरुणाला खिळली होती ना, तेव्हा पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवायचो. ती म्हणायची, खरी गोष्ट नको लावू. औषधाने मला मध्येच डोळा लागतो, काहीतरी सुटून जाईल. ते फालतू भाग लाव. त्यात झोप लागली तरी काही चुकत नाही. उठल्यावर सगळे असतातच."

दातवाल्याने कानाशी फोन घट्ट धरला.

"सगळे बघितले आम्ही ते. एकेक तीन-तीनदा," दाजी म्हणाले. "खरी गोष्ट बरी झाल्यावर बघायची ठरली होती. म्हणून मला ते भाग नको वाटतात रे. दुसरं काही नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो?"

खरंच, काय सांगणार होते? या शहाण्याने तरी काय विचारलं होतं! तासभर केसांवर आणि डोळ्यांवर बोलायचं, आणि फोन ठेवायचा.

"आणि तू एवढी थाप का मारलीस?" दाजींनी विचारलं. "तुला तर ती भरती कधीच आवडली नाही. तेव्हा टीव्हीवर असला भाग लागला की वाटी आपटून उठून जायचास."

आता बोलावं, असं त्याला वाटलं. दाजी, शेवट झाला की तुम्ही फोन करणार नाही, एवढीच भीती आहे. शब्द ओठाशी आले. पण हे ऐकलं की दाजी नाही म्हणायचे नाहीत. मनावर दगड ठेवून जत्रा बघतील, सर्दी बघतील, शालीत गुंडाळलेला कंदील बघतील. दर रविवारी. आपल्या एका तासासाठी.

"असंच. उगाच," तो म्हणाला. "सोडा. शेवट लावा. ताईने वाहिनीला दिलेल्या शिव्या तरी फिटतील. एक, दोन, तीन, दाब."

शेवट त्यांनी लागोपाठ बघितला. सरदार हरला. बेटं जमिनीवर उतरली, तेव्हा टपालाला पतंग लागेना. कंदील पहाटेच्या उजेडात बोलायचा थांबला, आणि मुलगी त्याला हातात घेऊन पायी चालत निघाली. दोघांपैकी कुणी एक शेरा मारला नाही. शेवटी गाणं लागलं. एरवी दाजी ते पुढे ढकलायचे. आज सगळं वाजलं.

"झालं," दाजी म्हणाले.

"झालं."

"दुसरं काही बघूच कधीतरी. आता जरा थांबू या रे."

"थांबा ना. घाई कसली?"

फोन बंद झाला. दातवाल्याने काळ्या पडद्यात आपलं तोंड पाहिलं आणि पडदा पालथा घातला.

पुढचा रविवार आला. त्याने खोली धुतली, भांडी घासली, न लागणारी कवळीही पॉलिश केली. फोन वाजला नाही. त्यानंतरचाही रविवार तसाच गेला. तेव्हा त्याने फोन न करता एक ओळ लिहून पाठवली: "कंदिलाचं मला पटलं नाही. एवढी बडबड करणारा असा मुकाट जातो का?"

उत्तर रविवारची वाट न बघता मधल्याच वारी आलं, तो मेणात दात बसवत असताना. "मलाही नाही पटलं."

एवढंच. पुढे काही नाही. वाद नाही, तर बोलायचं कशावर? मग बोटाचं मेण पुसून त्याने लिहिलं: "मला मात्र आता पटायला लागलंय. तुम्ही नीट बघितला नाहीत."

दाजी लिहीत आहेत असं वर दिसलं. मग गेलं. मग परत दिसलं. तो बघत उभा राहिला, आणि इकडे वाटीतलं मेण घट्ट व्हायला लागलं.